बोरजाळीची शिशी

भगवंतभाऊंचं आडनाव निंभोरकर आहे, हे शाळेतल्या हजेरीपटाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. अमरावतीतल्या त्या शाळेच्या प्रयोगशाळेत माणसानं तेहतीस वर्षं काढली. सरकारी भाषेत प्रयोगशाळा परिचर, पोरांच्या भाषेत लॅबवाले भाऊ. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, बेडूक लागत होते तोवर बेडूक आणायचे. आणि बेडूक कापणं बंद झालं तेव्हा उरलेले दोन पिशवीत घालून वडाळीच्या तलावात सोडून यायचं कामही त्यांच्याच गळ्यात. बोटांवर औषधांचे काळे डाग असे बसले होते की आशाबाई, म्हणजे त्यांची बायको, लग्नानंतर वर्षभर त्यांच्या हातून प्रसादसुद्धा घेत नव्हती म्हणे.

आता एक गोष्ट सांगू नये अशी आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक पोराला एक पांढरी पूड मिळते आणि तिच्यात काय आहे ते ओळखायचं असतं. बाहेरगावचे परीक्षक आलेले, पोरं घाबरलेली. अशा वेळी भगवंतभाऊ टेबलांमधून नुसते फेऱ्या मारत. दुपट्टा उजव्या खांद्यावर असला की क्लोराईड, डाव्या खांद्यावर असला की सल्फेट, कमरेला बांधला की कार्बोनेट. परीक्षक साहेब तोवर मुख्याध्यापकांच्या खोलीत तर्री-पोहे खात असायचे. मुख्याध्यापकापासून चपराशापर्यंत सगळ्यांना ही खूण माहीत होती आणि विचारलं तर कोणालाच माहीत नव्हती. लंबकाच्या प्रयोगाचं तर बोलूच नका. उत्तर काय यायला हवं ते पुस्तकात छापलेलं, मग पोरं उत्तरावरून मागे मागे जात आकडे भरायची. लंबकाला कोण विचारतो!

यासाठी भगवंतभाऊंनी कधी कोणाचा कपभर चहासुद्धा घेतला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रयोग आला पाहिजे. प्रयोग फसला की लेकराचं तोंड उतरते, अन् उतरलेलं तोंड त्यांच्याच्यानं पाहवत नव्हतं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, हेही सांगून टाकतो.

शेखर सर आले आणि या मुरलेल्या प्रयोगशाळेला नवीन वारं लागलं. तिवश्याकडचा माणूस, चाळिशीतला, अंगात भिंगरी. खेड्यापाड्यातल्या शाळांच्या भिंतीवर मोठाले टीव्ही लागलेत, पण परीक्षानळी एक नाही, हे त्यांना फार लागलं होतं. त्यांनी ‘शनिवारचा प्रयोग’ सुरू केला. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेआठला अमरावतीहून प्रयोग थेट दाखवायचा आणि गावोगावच्या शाळांनी तो आपापल्या टीव्हीवर पाहायचा. गणिताच्या मंजुषा मॅडम मोबाईल स्टँडला लावून चित्रण करत आणि पोरांचे प्रश्न वाचून दाखवत. आवाजात घरघर येते म्हणून पंखे बंद. खिडकीतून ऊन मोबाईलवर येते म्हणून तिथं मॅडमच्या घरची चादर. एप्रिल महिन्यात सगळ्यांच्या अंगाच्या धारा लागत, पण साडेआठ म्हणजे साडेआठ.

बोलायचे शेखर सर, आणि हात दिसायचे भगवंतभाऊंचे. मॅडमनी मोबाईल असा लावला होता की टेबलावरचं सामान आणि ते दोन डागाळलेले हात एवढंच दिसे. ते तसंच बरं वाटायचं त्यांना. कॅमेरा चालू असताना परिचरानं बोलायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच करून घेतला होता. बघता बघता दोनशेच्या वर शाळा जोडल्या गेल्या. परतवाड्याच्या पलीकडून, मेळघाटातल्या एका शाळेतून पोरांनी विचारलं, की हातवाल्या काकाचं नाव काय? भगवंतभाऊ त्या दिवशी घरी जाताना आशाबाईसाठी गिलावडे घेऊन गेले.

सरांचा एक अभिमान होता. ते प्रत्येक वेळी म्हणत, की आपल्याकडे कापाकापी नाही, जोडाजोडी नाही, जे होते ते दिसते. बिचाऱ्यांना काय माहीत! वरूडच्या शाळेनं संत्री पाठवली होती तेव्हा सालीचा रस फुग्यावर उडवून फुगा फोडायचा होता. शुक्रवारच्या तालमीत तीन फुगे फुटलेच नाहीत. रबर दुसऱ्या जातीचं निघालं असेल. शनिवारी सरांनी साल पिळली आणि फुगा फट्‌कन फुटला, दोनशे शाळांत टाळ्या पडल्या. फुगा भगवंतभाऊंनी धरला होता, आणि त्यांच्या अंगठ्याखाली टाचणी होती. सरांचा चेहरा असा फुलला की भगवंतभाऊंना वाटलं, आपण पुण्याचंच काम केलं.

दिवाळीनंतर सरांनी पाण्याचा विषय घेतला. बारा शाळांनी आपापलं पिण्याचं पाणी पाठवायचं आणि त्यात फ्लोराईड किती आहे ते सगळ्यांसमोर तपासायचं. तपासणीची पेटी असते तिच्यात एक लाल औषध येतं. पाण्यात त्याचे थेंब टाकले आणि पाणी गुलाबी राहिलं तर ठीक, पिवळं पडलं तर फ्लोराईड जास्त. शिशा एसटीनं येणार होत्या. शुक्रवारी दुपारपासून भगवंतभाऊ स्टँडवर, एकेका गाडीच्या कंडक्टरला विचारत.

अकोटकडची गाडी शेवटी आली. तिच्यात बोरजाळी नावाच्या गावच्या शाळेची पिशवी होती, आणि ती ओलीचिंब. शिशीचं बूच तडकलेलं. तळाशी चमचाभरही पाणी नाही. सोबत एक चिठ्ठी होती, तिची शाई पार पसरलेली. ‘बोरजाळी’, ‘वर्ग सातवा’ आणि ‘प्रणाली’ एवढंच काय ते वाचता आलं.

भगवंतभाऊ लॅबमध्ये ती शिशी हातात घेऊन बराच वेळ बसले. बाकीच्या अकरा शिशा ओळीत ठेवलेल्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. उद्या बोरजाळीची पोरं टीव्हीपुढे मांडी घालून बसतील, आपलं नाव कधी येते म्हणून. आणि त्यांना सांगायचं का, की बाप्पा, तुमची शिशी सांडली? प्रणाली नावाची कोण पोरगी असेल, तिचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. न पाहिलेलं तोंड, पण उतरलेलं. ते उठले, शिशी शाळेच्या नळाखाली धरली, भरली, नवीन बूच लावलं, आणि ओळीत बाराव्या जागी ठेवून दिली. नळाचं पाणी धरणाचं, चांगलंच असणार. कोणाचं काय बिघडते? त्यांना त्यात पाप दिसलं नाही. तेहतीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं, मग आताच कसं दिसेल!

शनिवारी अकरा शिशा झाल्या. दोन गावचं पाणी जरा पिवळसर निघालं, सरांनी तिथल्या गुरुजींना काय करायचं ते सांगितलं. मग बारावी आली. भगवंतभाऊंनी नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, पाणी झकास गुलाबी. आणि त्याच वेळी शेखर सरांनी खिशातून मोबाईल काढला. बोरजाळीच्या योगेश सरांनी त्या चिठ्ठीचा फोटो आधीच त्यांना पाठवला होता. सर वाचू लागले.

“आमच्या शाळेच्या हातपंपाचे पाणी आम्ही सगळे पितो. माझे दात पिवळे व तपकिरी आहेत. माझ्या वर्गातल्या खूप जणींचे तसेच आहेत. आम्ही तोंडावर हात ठेवून हसतो. माझ्या लहान भावाचे दुधाचे दात पडून आता नवीन दात येत आहेत. पाण्यात काही आहे का, ते कृपया बघावे.”

नळी भगवंतभाऊंच्या हातात होती. बोलायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरे होतं. पण कॅमेरा चालू असताना परिचरानं बोलायचं नाही, आणि तो नियम त्यांनी तेव्हाही पाळला. सरांनी नळी कॅमेऱ्याजवळ घ्यायला लावली आणि ते दिलखुलास हसले.

“पाहा, प्रणाली. कसं गुलाबी आहे! पाण्याचा काहीच दोष नाई. आता दात घासा बाप्पा, दात घासा!”

मंजुषा मॅडमही हसल्या. दोनशे शाळा हसल्या. सरांच्या मनात काडीचं कपट नव्हतं, हे भगवंतभाऊ आजही शपथेवर सांगतील. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून मोबाईलवर फिरवला आणि आठवडाभरात अमरावतीच्या पानठेल्यावरसुद्धा पोरं एकमेकांना म्हणू लागली, दात घासा बाप्पा.

त्यानंतरचे तीन महिने भगवंतभाऊंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. स्वतःला समजावत राहिले, की पोरगी खरंच घासत नसेल. मग एक दिवस लॅबच्या कपाटातलं जुनं पुस्तक काढून त्यांनी तो पाठ वाचला. फ्लोराईडचा मार दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच बसतो, आणि एकदा बसला की घासून जात नाही, असं तिथं लिहिलं होतं. ती ओळ त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचली. प्रणालीचे दात आले ते आले; पण तिचा भाऊ? पहिली-दुसरीतली सगळी लेकरं? पुन्हा एक शिशी मागवू, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी मागवू म्हटलं. मग परीक्षा आल्या. मग सरांचं नाव अकोल्याच्या सत्कारासाठी निघालं, आणि आता या आनंदात मिठाचा खडा कोण टाकणार? आशाबाईंनी दोनदा विचारलं, की काहून जेवत नाही तुम्ही? त्यांनी दाढेचं कारण सांगितलं. दाढेचं! माणसाला खोटं सुचतं तेही कसं नेमकं त्याच जागचं.

फेब्रुवारीत अकोल्याला सत्कार झाला. शाळांसाठी ऑनलाइन कार्यक्रम करणाऱ्या शिक्षकांचा मेळावा होता, मोठा हॉल, शाली, नारळ, भाषणं. सरांनी हट्टानं भगवंतभाऊंनाही नेलं होतं. ते मागच्या ओळीत बसले होते. मध्यंतरात आठ-दहा पोरी त्यांच्याकडे आल्या, त्यांच्या हातांकडे पाहत. एकीनं विचारलं, शनिवारच्या प्रयोगातले हात तुमचेच का? बोलताना तिनं ओढणीचा शेव तोंडावर धरला होता. सोबतच्या गुरुजींनी ओळख करून दिली. ते बोरजाळीचे योगेश सर, आणि ही प्रणाली.

योगेश सर भले गृहस्थ. त्यांनी कौतुकानंच सांगितलं, की गावात फिल्टर बसवायचा ठराव होणार होता, पण सरपंच खुशालरावांनी तुमचा व्हिडिओ ग्रामसभेत सगळ्यांना दाखवला आणि ठराव बाजूला राहिला. बरं झालं, उगाच गावाला खटाटोप. आता शाळेत रोज प्रार्थनेनंतर सगळ्यांकडून दात घासून घेतो, असंही ते म्हणाले. ब्रश घेऊन पोरं हातपंपावर रांग लावतात.

भगवंतभाऊंनी आपले डागाळलेले हात दुपट्ट्याखाली घेतले. प्रणाली मात्र काहीतरी विचारायचं म्हणून थांबली होती. योगेश सर दुसऱ्यांशी बोलायला वळले तशी ती जवळ आली.

“काका, मी तं दिवसातून चारदा घासतो. मिठानं घासतो, राखेनं घासतो. मायनं भिंतीची लाल इटकर कुटून दिली, त्यानंबी घासलं. रगत येते, पण डाग जात नाई. तुमच्या लॅबमधी याचं काई औषध हाये का?”

तिनं ओढणी थोडी खाली केली. हिरड्या सोललेल्या होत्या.

परतीला अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत पॅसेंजर होती. सर खिडकीशी बसले होते, मांडीवर शाल आणि नारळ. मूर्तिजापूर गेलं आणि भगवंतभाऊंनी सगळं सांगून टाकलं. तडकलेलं बूच, शाळेचा नळ, बारावी जागा. मग सरांनी विचारलं, अजून कायकाय केलं? भगवंतभाऊंनी दुपट्ट्याचं सांगितलं, ते सरांना माहीत होतंच. मग टाचणीचं सांगितलं.

“फुगाबी?” सर म्हणाले.

का कोण जाणे, त्या फुग्याचंच सरांना जास्त लागलं. शिशीची चूक मोठी होती, तिचा धक्का समजायला वेळ लागणार होता; पण फुगा त्यांनी स्वतःच्या हातानं फोडला होता, असं त्यांना दीड वर्षं वाटत होतं. बडनेऱ्याला ते नुसती शाल घेऊन उतरले. नारळ गाडीतच राहिला.

आठवडाभर शाळेत दोघांचं बोलणं बंद. मंजुषा मॅडमचं म्हणणं पडलं, की गुपचूप दुसरी शिशी मागवू, पुन्हा तपासू आणि सुधारित माहिती म्हणून देऊन टाकू. कोणाचं नाव घ्यायची गरज काय? भगवंतभाऊंना क्षणभर तेच बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण शुक्रवारी सर लॅबमध्ये आले आणि दारातूनच म्हणाले, “उद्या तुमी बोला. माह्या तोंडून निघणार नाई.” आणि गेले.

घरी त्यांनी आशाबाईंना सांगितलं. ती माउली माळ्याच्या घरची लेक; भाजी निवडत होती, ती निवडायची थांबली नाही. फक्त म्हणाली, की शर्ट तो निळा घाला, इस्त्रीचा आहे.

शनिवारी साडेआठला मॅडमनी मोबाईल वर उचलून लावला आणि पहिल्यांदा त्या हातांच्या मागचं तोंड दोनशे शाळांना दिसलं. भगवंतभाऊ उभे राहिले. समोर टेबल रिकामं होतं, त्यामुळे हात कुठं ठेवावे ते कळेना. अडखळत, वऱ्हाडीतच, त्यांनी दोन मिनिटांत सगळं सांगितलं. की बोरजाळीची शिशी सांडली होती. की ते पाणी आमच्या नळाचं होतं. की प्रणालीचा दोष नाही, तिच्या मायबापाचा दोष नाही, माझा दोष आहे. की लेकरांना ते पाणी पाजू नका. मग दुपट्टा काढून त्यांनी टेबलावर घडी करून ठेवला. हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या हातून आपोआप झालं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. दुपारपर्यंत लोकांनी लिहायला सुरुवात केली. पाण्याचं कोणी लिहीना, सगळ्यांचं लक्ष खोटेपणावर. मग बाकीचे प्रयोगही खोटेच असतील. मग त्या दोन गावांचं पिवळं पाणी तरी खरं कशावरून? कोणी जुना फुग्याचा व्हिडिओ हळू करून टाकला आणि अंगठ्याभोवती लाल गोल काढला. पंधरा दिवसांत वरून पत्र आलं, की चौकशी पूर्ण होईपर्यंत कार्यक्रम थांबवावा. शेखर सरांनी स्टँड घडी करून कपाटात ठेवला, मॅडमची चादर मॅडमला परत दिली. ते भगवंतभाऊंना वाईट शब्द एकही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

जूनमध्ये भगवंतभाऊ निवृत्त होणार होते, त्याआधी एप्रिलमध्ये रजा टाकून ते बोरजाळीला गेले. एसटी अकोटच्या रस्त्यावर सोडते, तिथून दोन कोस काळ्या मातीतली पायवाट. सोबत तपासणीची पेटी. शाळेच्या ओसरीवर योगेश सर होते, त्यांनी नमस्कार केला पण खुर्ची पुढे केली नाही. त्यांनी सरपंचांना बोलावणं धाडलं. खुशालराव आले, सोबत पाच-सहा माणसं. धिप्पाड गडी, रागावलेलाही नव्हता. कोणाच्या तरी घरचं लग्न अर्धवट सोडून आल्यासारखा उभा राहिला.

भगवंतभाऊंनी सगळ्यांसमोर हातपंप हापसला, नळी भरली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. नुसतं पिवळसर नाही, हळदीसारखं.

खुशालराव वाकून पाहत राहिले. मग सरळ झाले.

“भगवंतभाऊ, तुमीच सांगलं ना टीव्हीवर, का तुमी पाह्यजे तो रंग आणून देता? तवा गुलाबी आणला. आज पिवळा आणला. आता आमी कोणता खरा मानावा?”

भगवंतभाऊ म्हणाले, की हे पाणी तर तुमच्या डोळ्यांदेखत काढलं.

“डोळ्यायदेखत तं तेबी होतं,” खुशालराव म्हणाले.

माणूस चूक नव्हता. ग्रामपंचायतीच्या कपाटात सरकारनं दिलेली अशीच पेटी आहे, ती उघडा, तुम्हीच थेंब टाका, असं भगवंतभाऊंनी विनवलं. कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे आणि ग्रामसेवक मंगळवारी येतो. योगेश सरांनी सीलबंद करून सहीनिशी पाठवलेली शिशी भगवंतभाऊंनी स्वतः मार्चमध्येच शासनाच्या प्रयोगशाळेत टाकली होती. तिचा रिपोर्ट अजून यायचा होता. रिपोर्ट येऊ द्या, मग पाहू, असं म्हणून खुशालराव निघाले. एवढंच म्हणाले जाता जाता, की चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. बाकीची माणसंही पांगली.

मधली सुट्टी झाली. पोरं हातपंपावर तुटून पडली. पहिलीतला एक कारटा दांड्याला लोंबकळत होता, दुसरे ओंजळ लावून पीत होते, त्यांच्या पुढच्या दातांच्या जागी नुसत्या खिंडी. भगवंतभाऊ दोघा-तिघांना पिऊ नका, पिऊ नका म्हणाले. पोरं हसली आणि प्यायली. उन्हाळ्याचे दिवस, दुसरं पाणी होतं कुठं गावात? योगेश सरांनी मान दुसरीकडे वळवली.

प्रणाली ओसरीच्या खांबाशी उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं. ती आली आणि म्हणाली, की मले करू द्या. भगवंतभाऊंनी पेटी तिच्याकडे सरकवली आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. पोरीनं नळी स्वतः विसळली, पाणी स्वतः भरलं, थेंब मोजून टाकले. एक, दोन, तीन, चार, पाच. हलवून एका हातानं उजेडाकडे धरली, दुसरा हात सवयीनं तोंडावर. पिवळी.

ती नळीकडे पाहत राहिली. मग तोंडावरचा हात तिनं खाली घेतला. अकोल्याच्या हॉलमध्ये निसटती पाहिली होती ती दातांची रांग आता उन्हात पूर्ण दिसली, खडूवर चहा सांडल्यासारखी.

“म्हंजे मी घाण नाई,” ती म्हणाली. “मी घासत होतो थे खरं होतं.”

“खरं होतं, बेटा.”

“अन् आता? हे पाणी सोडलं तं डाग जातीन?”

भगवंतभाऊंना उत्तर पाठ होतं. जुन्या पुस्तकातली ती ओळ त्यांनी इतक्या वेळा वाचली होती की पान क्रमांकसुद्धा सांगता आला असता. समोर बारा-तेरा वर्षांचं तोंड होतं, फुललेलं, वाट पाहणारं. तेहतीस वर्षं असल्या तोंडासाठी त्यांचा दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला होता. जातील हळूहळू, एवढंच म्हणायचं होतं. कोणाचं काय बिघडलं असतं?

“नाई जात, बेटा,” ते म्हणाले. “हे आता असेच राहतीन.”

प्रणालीनं मान हलवली. नळीतलं पाणी मातीत ओतलं, नळी हातपंपाखाली धुतली आणि पेटीत तिच्या जागेवर ठेवून दिली. मग तिचा हात पुन्हा तोंडावर गेला, आणि ती वर्गात निघून गेली.